आमच्या बायांच्या गाठीचा तुकडा नीट जपा

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : स्तनाच्या कॅन्सरच्या तपासणीत ग्रामीण विदर्भातील स्त्रियांच्या नमुन्यांची हेळसांड

स. न. वि. वि.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माझी मोठी बहीण स्तनाच्या कॅन्सरने गेली. तिच्या आजारपणात आणि ती गेल्यानंतर जे पाहिलं, ते फक्त आमच्या घरातलं दुःख असतं तर मी गप्प राहिले असते. पण शाळेतल्या मुलींच्या आया, शेजारच्या काकू, गावातल्या सुना यांच्या बाबतीत तेच पुन्हा पुन्हा घडताना दिसतं. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. ते तुम्हाला उद्देशून असलं तरी आमच्या भागातल्या बायांनी, त्यांच्या नवऱ्यांनी, आशाताईंनी आणि तालुक्याच्या डॉक्टरांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे.

कॅन्सरच्या बातम्यांमध्ये हल्ली नव्या तपासण्यांची नावं सतत येतात. रक्ताच्या एका नळीवरून कॅन्सर लवकर ओळखता येईल, गाठीतल्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा वाचून तो पुन्हा उलटेल की नाही हे सांगता येईल, असं त्यात असतं. या एपिजेनेटिक खुणांविषयी मी बारकाईने वाचते, वर्गात शिकवते, आणि पुढच्या पिढीतल्या बायांना त्यांचा उपयोग होईल असा मला विश्वास आहे. पण खूण वाचायची म्हणजे हातात नमुना हवा. आमच्याकडे नमुनाच धड पोचत नाही, पोचला तर वेळेत वाचला जात नाही, आणि वाचून झाला की तो कुठे जातो ते कुणी सांगत नाही.

बहिणीचं सांगते, कारण तिच्या कागदांत हे सगळं एकापाठोपाठ एक सापडतं.

घरची कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. दिवाळीच्या आधी तिच्या हाताला गाठ लागली. मला कळलं तेव्हा मी रागावले, तर म्हणाली, "दुखत नाही तं कायले दाखवाचं? वेचणी होऊ दे, मंग पाहू." वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत आणि एक बाई घरात बसली तर बोंडं शेतातच राहतात, हे तुम्हाला मंत्रालयात बसून कदाचित जाणवणार नाही. संक्रांतीनंतर ती तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात गेली. गाठ साधी दिसते असं म्हणून डॉक्टरांनी ती तिथेच काढली, एका लहान बाटलीत घातली आणि जावयाच्या हातात दिली : शहरात अमुक लॅबमध्ये नेऊन द्या. बाटलीत सलाइन होतं. ती रात्रभर घरात राहिली, दुसऱ्या दिवशी एसटीने गेली. रिपोर्ट आला त्यात कॅन्सर आहे एवढं स्पष्ट होतं. पण कुठल्या जातीचा, कुठल्या औषधाला दाद देणारा, हे सांगणारी रिसेप्टरची, म्हणजे पेशीत वाढीचा संकेत पकडणाऱ्या प्रथिनांची, तपासणी करता येत नाही, कारण ऊती खराब झाल्या आहेत, असं खाली लिहिलेलं होतं.

म्हणजे पुन्हा सुई, पुन्हा तुकडा, पुन्हा वाट पाहणं. दुसऱ्या वेळी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर निगेटिव्ह आले, पण हर-२ हा तिसरा रिसेप्टर 'दोन प्लस'. दोन प्लस म्हणजे धड हो नाही आणि धड नाहीही नाही. ते ठरवायला फिश नावाची वेगळी तपासणी लागते आणि ती आमच्या जिल्ह्याबाहेर करून आणावी लागली. घरात ठेवलेला कापूस भाव पडलेला असताना विकून तिच्या सासरच्यांनी पैसे भरले. फिशही निगेटिव्ह आली. तिन्ही निगेटिव्ह. ज्याला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात त्या जातीचा कॅन्सर होता तो, वेगाने वाढणारा. केमो झाले, ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक झाले. तिसऱ्या वर्षी आजार फुप्फुसात उतरला आणि ती गेली.

पहिल्याच वेळी तुकडा नीट गेला असता तर ती वाचली असती, असा दावा मी करणार नाही. पण ट्रिपल निगेटिव्हमध्ये आठवडे मोजून वापरायचे असतात. आमचे आठवडे बाटलीतल्या चुकीच्या पाण्यात गेले.

आता यातली विज्ञानाची बाजू. ती समजली नाही तर पुढच्या मागण्या कुणाला चैनीच्या वाटतील.

कॅन्सर म्हटलं की जनुकात बिघाड, एवढं आपण ऐकलेलं असतं. पण जनुक शाबूत असूनही ते गप्प होऊ शकतं. डीएनएच्या साखळीत सायटोसिननंतर ग्वानिन आलं की त्या सायटोसिनवर मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट बसू शकतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की पेशी ते जनुक वाचणं बंद करते. गावात समजावताना मी सातबाऱ्याचं उदाहरण देते. जमीन तीच, क्षेत्र तेवढंच, मालकाचं नावही तेच, फक्त इतर हक्कात बोजा चढला की व्यवहार थांबतो. आणि बोजा उतरवता येतो, हा त्यातला आशेचा भाग आहे. रक्ताच्या काही आजारांत मिथाइलच्या खुणा उतरवणारी औषधं आजही वापरात आहेत. मिथाइलखेरीज डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोनवरचे बदल आणि मायक्रो-आरएनए नावाचे छोटे रेणू यांचाही या अभ्यासात समावेश होतो, पण तपासणीच्या दृष्टीने सर्वात पुढे गेलेली खूण मिथाइलचीच. ती टिकाऊ असते, मेणाच्या ब्लॉकमध्ये (तपासणीसाठी तुकडा मेणात बसवून केलेला ठोकळा) जपलेल्या जुन्या तुकड्यातूनही वाचता येते, आणि गाठीतून सुटून रक्तात आलेल्या डीएनएच्या तुकड्यांवरही सापडते.

हे कल्पनेतलं नाही. मेंदूतल्या ग्लायोब्लास्टोमा या गाठीत एमजीएमटी जनुकावर मिथाइलची खूण आहे का, हे पाहून टेमोझोलोमाइड या औषधाचा किती उपयोग होईल याचा अंदाज डॉक्टर घेतात. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी रक्तातल्या सेप्टिन-९ जनुकाची मिथाइल तपासणी अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्ये मान्य केली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये आरएएसएसएफ१ए हे पेशीच्या वाढीला आवर घालणारं जनुक अनेक गाठींत मिथाइलने बंद झालेलं आढळतं. पीआयटीएक्स२ जनुकावरच्या खुणांचा संबंध आजार उलटण्याशी आणि अँथ्रासायक्लिन गटाच्या केमोला मिळणाऱ्या प्रतिसादाशी दिसला आहे. इस्ट्रोजेन रिसेप्टरचं जनुकसुद्धा काही गाठींत अशाच खुणांमुळे गप्प होतं. तरीही स्तनाच्या कॅन्सरमध्ये या तपासण्या अजून नेहमीच्या उपचारात आलेल्या नाहीत. कोणतं औषध द्यायचं हे आजही मुख्यतः इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ या तीन रिसेप्टरांवरून ठरतं.

मला सगळ्यात जास्त छळतं ते बीआरसीए-१. हे डीएनएची दुरुस्ती करणारं जनुक. काही घराण्यांत त्याचा दोष आईबापांकडून मुलांत उतरतो. पण ट्रिपल निगेटिव्ह गाठींपैकी सुमारे पाव गाठींत वारशाचा दोष नसताना हेच जनुक मिथाइलने बंद झालेलं असतं. परिणाम सारखा, दुरुस्ती थांबते. घरच्यांसाठी अर्थ मात्र फार वेगळा.

बहिणीची मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. आईच्या तेराव्यानंतर तिने मला विचारलं, "मावशी, मले बी होईन काय ते?" आम्ही पदरचे पैसे घालून तिचं रक्त तपासलं. बीआरसीए-१ आणि तसंच दुसरं जनुक बीआरसीए-२, दोन्हींत दोष नाही. घरात पेढे वाटायची वेळ, पण समुपदेशक बाईंनी नीट समजावून सांगितलं : आईत दोष होता आणि मुलीत आला नाही, असं असेल तर मुलगी त्या धोक्यातून सुटली. आईत दोष नव्हताच, तर या रिपोर्टने फार काही ठरत नाही. आईचं रक्त कुणी वेळेवर तपासलं नव्हतं. उरला होता तो तिच्या गाठीचा मेणातला ब्लॉक. त्यातून वारशाचा दोष आहे का हे पाहता आलं असतं, आणि पुढे कधी मिथाइलची खूणही. मी ब्लॉक मागायला गेले. कुणाकडे अर्ज करायचा हे सांगायला कुणी तयार नव्हतं. शेवटी उत्तर मिळालं की रेकॉर्डची खोली हलवली, त्यात ब्लॉक सापडत नाही. रुग्णालयाचं नाव मी इथे घेत नाही. एका रुग्णालयाला धारेवर धरून हा प्रश्न सुटणार नाही, कारण ब्लॉक किती वर्षं ठेवायचा, कुणी ठेवायचा आणि मागितला तर कुणी द्यायचा हे आमच्या बायांना कुठल्याच रुग्णालयात सांगितलं जात नाही.

एका मुलीच्या आयुष्यभराच्या प्रश्नाचं उत्तर एका कपाटात होतं आणि ते हरवलं.

तर माझ्या तक्रारी अशा.

पहिली तुकड्याचीच. स्तनाच्या गाठीचा तुकडा काढल्यावर तासाभराच्या आत दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे, त्याच्या आकाराच्या दहापट तरी फॉर्मालिन हवं, आणि तो त्यात किमान सहा तास व फार तर बहात्तर तास राहावा, हे जगभरच्या पॅथॉलॉजिस्टनी ठरवलेलं साधं शिस्तीचं काम आहे. सलाइनमध्ये ऊती कुजतात. बफर नसलेल्या आंबट फॉर्मालिनमध्ये डीएनए तुटतो. मिथाइलची तपासणी करताना डीएनएला बायसल्फाइटची प्रक्रिया द्यावी लागते. तिच्यात खूण नसलेलं सायटोसिन बदलतं आणि खूण असलेलं तसंच राहतं, पण त्या प्रक्रियेत आधीच नाजूक झालेला डीएनए आणखी तुटतो. म्हणजे तालुक्याच्या टेबलावर झालेली हेळसांड पुढे कितीही महागड्या यंत्राने भरून निघत नाही. फॉर्मालिन ही काही दुर्मीळ वस्तू नाही. ती टेबलाशेजारी भरून ठेवलेली नसते, इतकंच. आणि बाटली नातेवाइकाच्या पिशवीत घालून शहरात पाठवायची ही रीत आपण अजून किती दिवस चालवायची? प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने गोळा करायला गाडी फिरते. त्याच गाडीत सीलबंद, नाव-वेळ लिहिलेली फॉर्मालिनची बाटली का जाऊ नये?

दुसरी तक्रार रिसेप्टरच्या रिपोर्टची. इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी वर्षानुवर्षं घेऊन बाई बरी राहू शकते. हर-२ पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅब आहे, आणि दोन्ही औषधं राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. यादीत औषध असून उपयोग काय, जर कोणत्या बाईला ते द्यायचं हे सांगणारा रिपोर्ट आठवडे अडकून पडत असेल? आयुष्मान कार्ड आणि महात्मा फुले योजनेमुळे ऑपरेशन-केमोचा भार हलका झाला, हे मी कृतज्ञतेने लिहिते. पण उपचार सुरू होण्याआधीच्या तपासण्यांतच आमच्या घराचं कंबरडं मोडलं होतं. एपिजेनेटिक तपासणीच्या गप्पा जिथे होतात तिथे फिशसारखी जुनी, ठरलेली तपासणी गरीब बाईला मिळत नाही, ही मला मान्य न होणारी गोष्ट आहे.

तिसरी तक्रार थोडी लांबवते, कारण तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. या खुणांचं ज्ञान कुणाच्या शरीरातून आलं आहे? अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलसमध्ये स्तनाच्या सुमारे अकराशे गाठींचा अभ्यास आहे आणि त्या बहुसंख्य गोऱ्या स्त्रियांच्या आहेत. २०२२ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की ज्या स्त्रियांच्या रक्ताच्या पांढऱ्या पेशींत बीआरसीए-१ वर मिथाइलची खूण होती, त्यांना पुढे ट्रिपल निगेटिव्ह कॅन्सर होण्याचा धोका दुपटीहून जास्त होता. फार मोलाचा शोध आहे. पण तो कशामुळे शक्य झाला पाहा. नव्वदच्या दशकात अमेरिकेत हजारो स्त्रियांचं रक्त घेऊन ते नीट गोठवून ठेवलं होतं, आणि त्या स्त्रियांच्या पुढच्या आजारांची नोंद ठेवली होती. त्या स्त्रिया पन्नास ते एकोणऐंशी वयाच्या, पाळी गेलेल्या. आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो आणि ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाणही जास्त आहे. पन्नाशीच्या आतल्या माझ्या बहिणीच्या वयाची एकही बाई त्या रक्तनमुन्यांत नव्हती.

जनुकाचं अक्षर आणि त्याच्यावरची खूण यात एक फरक आहे. अक्षर जन्मापासून मरेपर्यंत बहुतांशी तेच राहतं. खूण मात्र वयाने, खाण्यापिण्याने, कामाने, हवापाण्याने बदलते. शरीरात मिथाइल गट पुरवण्याच्या कामात फोलेटचा मोठा वाटा असतो, आणि आमच्या बायांच्या ताटात हिरवी भाजी किती असते हे अंगणवाडीच्या बाईंना विचारा. तंबाखूच्या धुराने ठरावीक जनुकांवरच्या खुणा बदलतात हे सिद्ध झालं आहे. आमच्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा खर्ऱ्यातून, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणातून, जास्त जातो, चंद्रपूर-गडचिरोलीकडे बायाही खातात. कीटकनाशकांच्या दीर्घ संपर्कातल्या शेतकऱ्यांच्या रक्तात मिथाइलच्या खुणा बदललेल्या काही अभ्यासांत दिसल्या आहेत. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारलेल्या त्याच शेतात आठवडाभराने वाकून कापूस वेचणाऱ्या बाईच्या शरीरात काय होतं, हे कुणी मोजलं? फवारणीमुळे स्तनाचा कॅन्सर होतो असं मी म्हणत नाही, तसं ठरलेलं नाही. मी एवढंच म्हणते की ज्या बाईचं जगणं इतकं वेगळं आहे तिच्या खुणा दुसऱ्या देशातल्या पट्टीने मोजल्या तर अंदाज चुकू शकतो, आणि चुकला तर त्याची किंमत तिला मोजावी लागेल. जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजार भारतीयांचा जीनोम, म्हणजे डीएनएची सगळी अक्षरं, वाचला गेला, चांगलं झालं. पण जीनोमची अक्षरं वाचून या खुणा कळत नाहीत. त्यासाठी कोरकू, कोलाम, गोंड, कुणबी, बौद्ध, मुसलमान, सगळ्या घरांतल्या बायांच्या गाठी आणि रक्त, त्यांच्या संमतीने, त्यांच्याच भागातल्या मेडिकल कॉलेजात अभ्यासलं गेलं पाहिजे.

चौथी गोष्ट थोडक्यात. गावोगावच्या शिबिरांत 'कॅन्सरची रक्त तपासणी' म्हणून सीए १५-३ सारख्या चाचण्या निरोगी बायांना विकल्या जातात. स्तनाचा कॅन्सर ओळखायला ती चाचणी नाही. नॉर्मल आली की बाई गाठ असूनही निर्धास्त होते. उद्या मिथाइलच्या नावाने असंच दुकान लागेल. त्याआधी नियम करा.

पाचवी तक्रार हाताने करायच्या तपासणीबद्दल, आणि ती या सगळ्याचा पाया आहे. ग्लोबोकॅन या जागतिक कॅन्सर आकडेवारीच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि ९८ हजारांवर मृत्यू झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायांपैकी ज्यांची स्तनतपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती, त्यांचं प्रमाण देशात ०.९ टक्के होतं. शंभरात एकही पुरती नाही. कागदावर तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची तपासणी दर पाच वर्षांनी व्हायची आहे. मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं दीड लाखाहून जास्त बायांवर केलेला प्रयोग सांगतो की प्रशिक्षित आरोग्य सेविकेने दर दोन वर्षांनी हाताने तपासलं तर कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडतो, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायांमध्ये मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, वीज नाही, फक्त शिकवलेले हात. आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर हे काम करू शकतात. मात्र त्यांच्याकडे लसीकरण, बाळंतपणं आणि नोंदवह्या यांतून वेळ आणि पडदा लावायला एक खोली उरली पाहिजे.

त्याच प्रयोगात पन्नाशीच्या आतल्या बायांमध्ये मृत्यू घटलेले दिसले नाहीत. तरुण स्तन दाट असतो, मॅमोग्राफीतही गाठ लपते. माझी बहीण त्याच वयाची होती, तिची मुलगी आता त्या वयाकडे चालली आहे. रक्तातल्या मिथाइल खुणांचा खरा उपयोग झालाच तर या वयाच्या बायांना होईल. म्हणून मी नव्या विज्ञानाच्या विरोधात नाही. ते आमच्यापर्यंत यावं, पण आमच्या नमुन्यांवर पारखून यावं, असा माझा आग्रह आहे.

मागण्या स्पष्ट लिहिते.

विदर्भातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात, आणि जिथे जिथे स्तनाची गाठ काढली जाते त्या प्रत्येक खाजगी दवाखान्यात, बफर्ड फॉर्मालिन भरलेल्या बाटल्या असणं सक्तीचं करा. बाटलीवर तुकडा काढल्याची आणि फॉर्मालिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिली पाहिजे. वेळ नसलेली बाटली आली तर लॅबने तशी नोंद करून वर कळवावं.

नमुना नेण्याची जबाबदारी नातेवाइकांवरून काढा. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटर, धारणीहून अमरावती म्हणजे मेळघाटचा सगळा घाट. तिथला माणूस बाटली घेऊन मजुरी बुडवून किती फिरणार?

तिन्ही रिसेप्टरचा रिपोर्ट, आणि दोन प्लस आल्यास फिश, मोफत आणि तुकडा पोचल्यापासून दोन आठवड्यांत द्या. त्यासाठी विदर्भातल्या सरकारी मेडिकल कॉलेजांपैकी किमान दोन ठिकाणी पूर्ण सोय उभी करा आणि तिथे पॅथॉलॉजिस्टची पदं भरा. रिकाम्या पदांवर यंत्र चालत नाही.

मेणाचा ब्लॉक किमान पंधरा वर्षं ठेवा. ब्लॉक कुठे आहे याची पावती मराठीत बाईच्या हाती द्या, आणि ती किंवा तिचे वारस मागतील तेव्हा तो देण्याची पद्धत आणि मुदत ठरवा. मुलींसाठी तो कागद सातबाऱ्याइतकाच महत्त्वाचा आहे.

ट्रिपल निगेटिव्ह निघालेल्या आणि पन्नाशीच्या आत कॅन्सर झालेल्या प्रत्येक बाईची बीआरसीए तपासणी ती हयात असताना, सरकारी खर्चाने करा, आणि सोबत समुपदेशन ठेवा.

वर्धा आणि नागपूर इथे कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित, म्हणजे त्या भागातल्या सगळ्या रुग्णांची, नोंदणी चालते. बार्शीने तर १९८७ पासून खेड्यांत अशी नोंदणी करता येते हे दाखवलं आहे. ती यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, गडचिरोलीच्या खेड्यांपर्यंत न्या. तिच्याशी जोडून स्तनाच्या गाठींचा आणि रक्ताचा नमुनासाठा विदर्भातच उभा करा. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं जैवसाठ्याबद्दल स्पष्ट आहेत. ती पाळा. संमतीपत्र बाईच्या भाषेत, वाचून दाखवून, तिला नाही म्हणायची मोकळीक ठेवून घ्या. जे कळेल ते तिला किंवा तिच्या घरच्यांना परत सांगा. नमुना घेऊन जाणारे पुष्कळ आले, निकाल सांगायला परत आलेले आम्ही पाहिले नाहीत.

आणि दर पाच वर्षांची हाताने तपासणी कागदावरून प्रत्यक्षात आणा, जमेल तिथे दोन वर्षांवर आणा. वेचणीच्या दिवसांत शिबिर लावू नका, बाया येणार नाहीत. पोळ्यापूर्वी किंवा उन्हाळ्यात लावा, आणि गाठ सापडलेल्या बाईला पुढे कुठे, कधी, कुणाच्या सोबतीने जायचं ते त्याच दिवशी ठरवून द्या.

आशाताईंचं नाव मी मागण्यांत घेतलं नाही, कारण त्यांच्यावर आणखी एक काम मोबदल्याविना टाकलं जाऊ नये. रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेण्याचा त्यांचा प्रवासभत्ता वेळेवर दिलात तर त्या हे काम तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करतील.

या मागण्यांपैकी कोणती मान्य आहे, कोणती नाही आणि का, हे खात्याने लेखी आणि जाहीरपणे कळवावं. फॉर्मालिनच्या बाटल्यांसाठी आणि ब्लॉकच्या पावतीसाठी विधिमंडळाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, एका परिपत्रकाने ते होऊ शकतं. ते परिपत्रक येत्या वेचणीच्या आधी निघावं. माझ्या तालुक्यात ते पोचलं की प्रत्येक दवाखान्यात ते लागलं आहे का, हे मी आणि आमच्या बचत गटाच्या बाया स्वतः जाऊन पाहू.

आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक शिक्षिका
यवतमाळ जिल्हा